अर्ध्या सौद्यावर बसायचं नाही

आमच्या खोलीत शेअर मुक्कामाला राहत नाही. आत्ता घेतला, आत्ताच दिला. संध्याकाळी कुलूप लावताना मागे काहीच शिल्लक नसतं. शिल्लक राहतात ते फक्त किस्से! ते कोणी विकतही घेत नाही, म्हणून साचत जातात. मध्ये नणदेकडे जेवायला गेले होते. तिथे ओट्यापाशी उभी राहून किस्से सांगत बसले, तर तिची भाजी करपली. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकावेत बाप्पा, निदान कोणाची भाजी तरी वाचेल.

खोली भंडाऱ्याजवळच्या शहापूरला आहे, हायवेवर, कारेमोरे काकांच्या टायरच्या दुकानावर. आम्ही आठ जण, चार जोड्या. काम काय, तर आर्बिट्राज. घाबरू नका, नाव मोठं आहे, काम सोपं आहे. एकच शेअर दोन बाजारांत विकला जातो. एका बाजारात पाचशे रुपये, अन् त्याच घडीला दुसऱ्या बाजारात पाचशे रुपये चाळीस पैसे. जोडीतला एक जण स्वस्त बाजारात घेतो आणि ओरडतो, "घेतलं!" शेजारचा महाग बाजारात विकतो आणि ओरडतो, "दिलं!" मधले चाळीस पैसे आमचे. शेअर उद्या चढेल की पडेल, कंपनी तरेल की बुडेल, आम्हाला त्याचं काही सोयरसुतक नाही.

भीती एकच. "घेतलं" झालं आणि "दिलं" व्हायच्या आत भाव पळाला, तर? मग अर्धा सौदा गळ्यात! त्यावर आमच्या गभणे भाऊंनी एक नियम काढलेला आहे. भाऊ म्हणजे खोलीचे मुख्य. मोहाडीकडचे, घरी धानाची शेती. रोवणीच्या वेळी बायका ओळीने धान लावत जातात, तेव्हा ओळ पुरी झाल्याशिवाय कोणी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टेकत नाही. तोच नियम भाऊंनी खोलीत आणला. "अर्ध्या सौद्यावर बसाचं नाही!" ज्याचा सौदा अर्धा अडकला त्याने खुर्ची सोडून उभं राहायचं, उभ्यानेच निस्तरायचं. सौदा पुरा झाला की भाऊ म्हणणार, "बसा." तेव्हाच बसायचं. नियम सगळ्यांना. भाऊंनाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. ज्यांच्या पैशावर ही खोली चालते त्या नागपूरच्या ऑफिसातून मध्यंतरी फोन आला होता. हे काम आता मशीन करतं, मग खोली ठेवायची कशाला? मोठे साहेब एक दिवस येऊन बघतील, मशीन लावतील आणि ठरवतील. खोली बंद झाली असती तर बाकीची पोरं नागपूरला गेली असती. माझं घर वरठीला, लेकरू लहान, सासू अंथरुणाला. मी कुठे जाणार? माझी तर नोकरीच गेली असती. ते काय झालं, ते शेवटी. आधी बाकीचे घ्या.

* * *

खोली नवीन होती तेव्हाची गोष्ट. क्रिकेटचे सामने सुरू होते, आणि वरून दिवसभर आमची बोंब, "घेतलं! दिलं! घेतलं! दिलं!" कोणीतरी पोलिसांना सांगितलं की टायरच्या दुकानावर सट्टा चालतो.

एक हवालदार जिना चढून आले. भाऊंनी कागदपत्रं दाखवली, चहा मागवला. हवालदार म्हणाले, "कागद राहू द्या. काय करून राहिले तुमी, ते दाखवा मले." आणि येऊन बरोबर माझ्या मागे बसले. माझ्या शेजारी होमराज. तो माझा जोडीदार. घेणारी मी, देणारा तो. मी "घेतलं!" म्हटलं की हवालदार दचकायचे. होमराज "दिलं!" म्हणाला की त्यांच्या बशीत चहा सांडायचा.

चहा संपला तसं त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, आता एवढ्या जोरानं बोंबलल्या तुमी, त्यात भेटलं किती?"

"चाळीस, साहेब. एका शेअरमागं."

"चाळीस रुपये?"

"पैसे."

हवालदारांनी टोपी डोक्यावर ठेवली. दारात थांबून भाऊंना म्हणाले, "चालू द्या. पण आवाज कमी ठेवा. लोकाइले उगाच वाटते, अंदर काही कमाई होऊन राहिली!"

* * *

होमराजचा स्वभाव असा की दोन भाव दिसले की याचे हात शिवशिवतात. मग तो शेअर असो की भाजी!

एकदा आमच्या बाजाराला सुट्टी होती आणि मोहाडीला आठवडी बाजार भरला होता. तिथे वांगी मातीमोल. याने वरठीच्या मित्राला फोन लावला, तर तिकडे भाव दुप्पट! झालं. याने भर बाजारात आरोळी ठोकली, "घेतलं!" सगळा बाजार वळून पाहायला लागला. मोटारसायकलवर दोन पोती बांधून पठ्ठ्या वरठीला निघाला.

पण रस्त्यात एक गोष्ट त्याच्या लक्षातच आली नाही. आमच्या खोलीत देणारा शेजारीच बसलेला असतो. वांग्यांना देणारा कोणी नव्हता! हा पोचेपर्यंत आणखी दोन गाड्या वांगी वरठीत उतरली होती. भाव मोहाडीपेक्षाही खाली.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत आले तर होमराज खुर्चीमागे उभा. बाजार सुरू झाला, तरी उभाच. उभ्यानेच ऑर्डरी टाकतोय.

भाऊ म्हणाले, "काहून उभा आहेस बे? तुझा तर काही अडकलेला दिसत नाही."

होमराज मान खाली घालून म्हणाला, "भाऊ, अर्धा सौदा आहे. खाली गाडीवर. वांगे."

याला काय म्हणावं! पण नियम म्हणजे नियम. दुपारपर्यंत तो बसला नाही. शेवटी आम्ही सगळ्यांनी ती वांगी वाटून घेतली, थोडी कारेमोरे काकांना लावली, तेव्हा भाऊ म्हणाले, "बस आता." त्या आठवड्यात आठही डब्यांत वांगंच होतं. त्यात माझ्या सासूबाईंचा निरोप: "त्या पोराले सांग, पुढच्या खेपेले टमाटर पाहाय!"

* * *

त्याच होमराजसाठी मुलगी पाहायला आम्ही तुमसरला गेलो. त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून बहिणीच्या मानाने मी सोबत. मुलीचे वडील शाळेतून रिटायर झालेले मास्तर. पोहे झाले, पाणी झालं. मास्तरांनी विचारलं, "काय करता आपण?"

"आर्बिट्राज."

"म्हणजे?"

"एका बाजारातून घेतो, दुसऱ्या बाजारात विकतो."

"वा वा, म्हणजे व्यापार! दुकान कोठी आहे?"

"दुकान नाही जी."

"मंग गोडाऊन असंल."

"नाही जी. माल घरी येतच नाही."

"गिऱ्हाईक तरी येते का नाही?"

"गिऱ्हाईक कोण आहे, तेच माहीत नसते आमाले."

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला आणि होमराजला नीट न्याहाळलं. "दुकान नाही, माल नाही, गिऱ्हाईक नाही. मंग पाहुणे, तुमी तरी आहा का?"

मी तर चपला कुठे काढल्या ते पाहायला लागले. पण होमराज शांतपणे म्हणाला, "आहो ना जी. पण साडेतीननंतर!"

आमचा बाजार साडेतीनला बंद होतो, हे मास्तरांना काय माहीत! पण आतल्या खोलीतून मुलगी फिसकन हसली. बाहेर आल्यावर मी होमराजला म्हटलं, "जमलं बे तुझं." आणि जमलंच.

* * *

लग्न जमलं, पण मुहूर्त निघाला सकाळी अकराचा, तोही कामाच्या दिवशी! खोलीत सुतक पसरलं. आठांपैकी एक गेला की एक जोडी मोडते. सगळेच गेले तर खोली बंद! होमराज गुरुजींकडे गेला. "साडेतीननंतरचा एखादा पाहा ना." गुरुजी म्हणाले, "साडेतीननंतर काळ चांगला नाही." हा म्हणतो, "गुरुजी, साडेतीनच्या आधी आमचा चांगला नाही!" गुरुजी काही ऐकले नाहीत.

आमच्याकडे हे बरं असतं. आम्ही बौद्ध, मुहूर्त पाहत नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या बाबांनी पंचांगवाल्याला नाही, थेट भाऊंना फोन लावला होता. "गभणेजी, तुमचा बाजार कधी बंद होते?" साडेचारला वंदना सुरू झाली आणि सगळी खोली पहिल्या रांगेत हजर! हे मी होमराजला इतक्या वेळा ऐकवलंय की तो आता कान झाकून घेतो.

त्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये आम्ही एकाच फोटोत आहोत. मांडववाला कनाती गुंडाळतोय, आचारी कढई घासतोय, आणि आम्ही सात जण हार हातात घेऊन उभे. होमराज त्या फोटोतही घड्याळ पाहतोय.

* * *

आता केबलचा. एका सकाळी अचानक आमच्या स्क्रीनवर दोन बाजारांत रुपयांची तफावत दिसायला लागली. पैशांची नाही हो, रुपयांची! सगळे चेकाळले. चारही जोड्यांतून एकाच वेळी आरोळी, "घेतलं! घेतलं! घेतलं! घेतलं!"

पण "दिलं" कोणीच म्हणेना.

तफावत वगैरे काही नव्हती. विकायच्या बाजाराची आमचीच लाईन बंद पडली होती आणि स्क्रीनवर जुने भाव चिकटून बसले होते. घेतलेलं सगळं गळ्यात! आम्हाला दुसरं काही सुचायच्या आत भाऊ बोलले, "उभे राहा." आठही जण उभे. भाऊसुद्धा. एक जण उभ्याउभ्या नागपूरला फोन लावतोय, बाकीचे चिडीचूप, हात बांधून, माना खाली.

तेवढ्यात कारेमोरे काका भाडं मागायला वर आले. दारात त्यांचे पाय थबकले. आठ माणसं उभी, कोणी बोलत नाही. काकांनी पायातल्या चपला काढल्या, टोपी काढून काखेत धरली, आणि तेही मान खाली घालून उभे राहिले. चांगली दोन मिनिटं! मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कोण गेलं, बाई?"

मी म्हटलं, "केबल गेली, काका."

मग काका म्हणाले, "ते तर मीच सकाळी तोडली! टायरच्या थप्पीत अडकून राहिली होती."

काकांना आम्ही जिवंत सोडलं, कारण वायर जोडणारेही तेच. लाईन आली, चारही जोड्यांनी "दिलं!" केलं, भाऊ म्हणाले, "बसा." काका सगळ्यांत आधी बसले.

* * *

माझे बाबा वरठीच्या स्टीलच्या कारखान्यात होते. आयुष्यभर सायकलने ड्युटीवर गेले. मला नोकरी लागली तेव्हा खूश झाले, पण त्यांना काम काही कळेना. रोज संध्याकाळी एकच प्रश्न: "आज काय बनवलं?"

"काही नाही बनवत, बाबा."

"काहीच नाही? आमच्याकडं पाळी संपली की लोखंडाचा ढीग दिसते. तुझा ढीग कोठी आहे?"

एक दिवस डोकं दुखत होतं आणि मी तशीही तोंडाची फटकळ. फाडकन बोलले, "बाबा, मी भाव सारखा करते. एकाच वस्तूचा इकडं एक भाव अन् तिकडं दुसरा, असं राहू देत नाही. आमी स्वस्त बाजारात घेतो तर तिथला भाव चढते, महाग बाजारात विकतो तर तिथला उतरते. इकडचा माणूस असो का तिकडचा, दोघाइले एकच भाव भेटला पाह्यजे. हेच आमचं काम."

"सारखा करते?" बाबांनी विचारलं. मग स्वतःशीच पुन्हा म्हणाले, "सारखा करते."

नंतर काही दिवसांनी त्यांच्यासोबत वरठी स्टेशनवर गेले होते. पाटीवर त्याचं नाव भंडारा रोड. बाहेरच्या टपरीवर चहा दहा रुपये, आणि आत फलाटावर तोच चहा पंधरा. बाबांनी फलाटावरच्या चहावाल्याला सगळ्यांसमोर दरडावलं, "काहून रे? तोच चहा, तेच दूध, अन् दोन भाव? हे पाहा, माझी पोरगी. हिचं कामच हे आहे. आत्ता सारखा करून देते!"

चहावाला माझ्याकडे पाहायला लागला, लोकं पाहायला लागली. मला कुठे तोंड लपवू असं झालं. पण खरं सांगते, माझी छाती इतकी फुगली होती की तो पंधराचा चहा मी दोनदा प्याले.

* * *

आणि आता मोठ्या साहेबांचा.

नागपूरहून साहेब आले ते सकाळीच. सोबत मशीन, म्हणजे एक काळा लॅपटॉप आणि त्यातला प्रोग्राम. खाली एक रिकामा टेम्पो उभा. टेम्पो कशाला, ते कोणी विचारलं नाही. आमच्या स्क्रीन, टेबलं, खुर्च्या न्यायला दुसरं कोण येणार! साहेब काही वाईट माणूस नव्हते. सगळ्यांना नाव विचारलं, घरचं विचारलं. मग म्हणाले, "आज तुम्हीही काम करा, मशीनही करेल. संध्याकाळी काय ते ठरवू."

खोटं कशाला बोलू? मशीन आमच्यापेक्षा कितीतरी चलाख होतं. मला तफावत दिसायची तोवर त्याचं घेऊन-देऊन झालेलं असायचं. दुपारपर्यंत आमच्या खोलीत एक "घेतलं" नाही की एक "दिलं" नाही. आठ माणसं हात मांडीवर ठेवून बसलेली. कारेमोरे काका वर डोकावून विचारून गेले, "आज सुट्टी आहे का?" होमराजने डबा उघडला आणि न खाताच बंद केला. माझ्या मनात सारखं एकच, उद्या सकाळी मी उठून कुठे जाणार? साहेबांसमोर रडायचं नाही एवढं ठरवलं होतं.

तीनच्या सुमाराला एका छोट्या कंपनीच्या शेअरमध्ये काहीतरी बातमी आली. दोन बाजारांत मोठी तफावत पडली आणि मशीनने भसाभस खरेदी केली. विकायला गेलं, तर दुसऱ्या बाजारातली सगळी गिऱ्हाइकं गायब! भाव खाली घसरायला लागला. स्क्रीनवर लाल पट्टी आली आणि मशीन थांबलं. साहेबांनी नागपूरला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की एक बाजू अडकली की मशीन आपोआप बंद होतं, पुढचं हाताने करावं लागेल. बाजार बंद व्हायला थोडाच वेळ.

भाऊ आपल्या जागेवरून म्हणाले, "साहेब, हा अर्धा सौदा कोणाचा?"

मशीनचा, असं म्हणता आलं असतं. साहेबांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग भाऊंकडे. म्हणाले, "माझा."

"मंग उभे राहा."

होमराजला बोलतात त्याच आवाजात! मी डोळेच मिटले. गेली, म्हटलं, खोली तर गेलीच, आता भाऊही गेले. डोळे उघडले तर साहेब खुर्ची मागे सारून उभे.

"प्रज्ञा, होमराज," भाऊ म्हणाले, "साहेबाइचा सौदा पुरा करा."

आम्ही दोघंही विकायला बसलो, एका बाजारात तो, दुसऱ्यात मी. सगळा ढीग एकदम ओतला असता तर भाव पार तळाला गेला असता. चिमूट चिमूट द्यायचं, थांबायचं, गिऱ्हाईक परत येऊ द्यायचं. मी "दिलं!" म्हटलं की त्याने थांबायचं, तो "दिलं!" म्हणाला की मी. दिवसभर कोंडलेला आवाज आता फुटला. भाव हळूहळू वर सरकायला लागला. मध्येच साहेबांचा फोन वाजला. टेम्पोवाला होता; आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "साहेब, सामान उतरवाले वर येऊ का?" साहेब फोन कापून उभेच राहिले. पाणी दिलं तर उभ्यानेच प्याले.

बाजार बंद व्हायला अगदी थोडं राहिलं होतं, तेव्हा होमराजने टेबलावर हात आपटला.

"दिलं! पुरं दिलं!"

घेतलेल्या भावाच्या जवळपास सगळं निघालं होतं. भाऊ म्हणाले, "बसा, साहेब."

साहेब बसले नाहीत. म्हणाले, "थांबा, अजून अर्धं बाकी आहे." खिडकीशी गेले, गजातून खाली वाकून पाहिलं आणि हायवेवरच्या गाड्यांच्या वर आवाज चढवून ओरडले,

"ए टेम्पो! रिकामाच जा!"

मग येऊन बसले.